पाण्याची वही

सांगलीजवळ हरिपूरला कृष्णा आणि वारणा यांचा संगम होतो आणि तेथून पुढे कृष्णेचे पात्र अधिकच भरदार होते. दोन नद्या मिळाल्या की मोठी नदी होते, हा आपला पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात मात्र थॉमसन आणि बार्कू या दोन नद्या एकत्र येतात आणि त्यांतून निर्माण होतो तो एक ओढा! ‘कूपर क्रीक’ हे त्याचे नाव. क्रीक म्हणजे ओढा. तेथील माणसे ही गंमत मोठ्या कौतुकाने सांगतात. १८४५ साली चार्ल्स स्टर्ट हा संशोधक या पात्रापाशी पोहोचला तेव्हा पात्रात पाणी होते, पण त्याला प्रवाह नव्हता. जे वाहत नाही त्याला नदी कसे म्हणावे, असा विचार करून त्याने त्याला ओढा म्हटले आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातील न्यायाधीश चार्ल्स कूपर यांचे नाव त्याला दिले.

हरिपूरचा संगम लहानपणापासून पाहत आलेले एक गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी, असे दोघेच एका मे महिन्यात या ओढ्याच्या काठी तंबू ठोकून राहून आले. ॲडलेड शहरात त्यांचे एकतीस वर्षे किराणा मालाचे दुकान होते. माल, गिऱ्हाईक आणि उधारी हा यजमानांचा प्रांत. जमाखर्च सर्वस्वी बाईंच्या हाती. दुकान विकले त्या दिवशी हिशेब केला तेव्हा असे आढळले, की इतक्या वर्षांत दोघांनी मिळून सलग चार दिवसांपेक्षा अधिक सुट्टी कधी घेतलीच नव्हती. यजमानांनी भिंतीवर नकाशा लावला. बाईंनी एक नवी वही काढली. त्या वहीची ही हकीगत आहे.

समुद्राला न मिळणाऱ्या नद्या

कूपर क्रीक ज्या खोऱ्यात आहे त्याला लेक एअरचे खोरे म्हणतात. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १२ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ चौपट. कूपर, डायमंटिना, जॉर्जिना अशा त्यातील नद्या समुद्राकडे पाठ फिरवून देशाच्या आतल्या बाजूस वाहतात. काटी थांडा–लेक एअर हे त्यांचे शेवटचे ठिकाण समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ मीटर खाली आहे. बहुतेक वर्षी तेथे पाणी पोहोचतच नाही; सरोवराच्या जागी मिठाचा पांढरा थर तेवढा चकाकत असतो. वरच्या अंगाला पडलेले पाणी वाटेतच जमिनीत मुरते, नाहीतर उन्हाने उडून जाते.

या प्रदेशाचा क्वीन्सलँडमधील भाग ‘चॅनेल कंट्री’ म्हणून ओळखला जातो. जमीन इतकी सपाट, की पाण्याला कोठे जावे हेच उमगत नाही. ते शेकडो लहान-मोठ्या ओहोळांत विभागते, पुन्हा एकत्र येते, पुन्हा फुटते. मोठा पूर आला की काही ठिकाणी त्याची रुंदी पन्नास-साठ किलोमीटर होते. पूर आला तरी तो आपल्याकडच्या पुरासारखा गर्जत येत नाही. वरच्या भागात पडलेल्या पावसाचे पाणी शेकडो किलोमीटर सरकत खाली पोहोचायला दोन-तीन आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. त्यामुळे डोक्यावर निरभ्र आकाश, पायाखाली भेगाळलेली जमीन आणि तरीही पूर जवळ आलेला, असे तेथे नेहमी घडते. तेथे आभाळ पाहून अंदाज बांधता येत नाही. वरच्या गावची बातमीच ऐकावी लागते.

राखीव शिल्लक

तयारीला दोन महिने लागले. चारही चाकांना जोर असणारी उंच गाडी, दोन जादा चाके, टायरमध्ये हवा भरण्याचा पंप, डिझेलचे वीस-वीस लिटरचे दोन कॅन, गाड्यांमधील संभाषणासाठी रेडिओ आणि जेथे मोबाइल चालत नाही तेथे उपयोगी पडणारा उपग्रह फोन, ही यजमानांची यादी होती. बाईंच्या यादीत पोहे, मूगडाळ, तांदूळ, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, खाकरे आणि शेंगदाण्याची चटणी होती. परंतु वहीच्या पहिल्या पानावर या कशाचीच नोंद नव्हती. तेथे फक्त पाणी होते.

पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी दरडोई रोज पाच लिटर, याप्रमाणे दोघांचे आठ दिवसांचे ऐंशी लिटर. ही झाली चालू खात्याची रक्कम. याशिवाय चाळीस लिटर निराळ्या दोन कॅनमध्ये भरून त्यांच्या झाकणांवर लाल चिकटपट्टी लावली. ही राखीव शिल्लक. तिला हात लावण्याचा प्रसंग आला तर तो दोघांच्या संमतीनेच लावायचा, असे ठरले. व्यापारात अडचणीच्या वेळी राखीव रकमेतून थोडे उचलण्याची यजमानांची सवय बाईंना चांगलीच ठाऊक होती.

ही दक्षता अनाठायी नव्हती. १९६३ सालच्या डिसेंबरात, ऐन उन्हाळ्यात, बर्ड्सव्हिलच्या रस्त्यावर एका कुटुंबातील पाचही जण उष्णतेने आणि तहानेने दगावले. त्यांचा रस्ता चुकला होता, पेट्रोल संपले होते आणि पाण्याच्या शोधात त्यांनी गाडी सोडली होती. तेव्हापासून त्या भागात प्रवाशाला पहिली सूचना दिली जाते ती हीच, की काहीही झाले तरी गाडी सोडू नका. मोकळ्या माळावर चालणारा माणूस विमानातून दिसत नाही; गाडी दिसते.

दुसरी सूचना, आपण कोठे जात आहोत हे कोणाला तरी लिहून द्यावे. दोघांनी प्रवासाचा मार्ग दिवसवार कागदावर लिहून मुलीजवळ दिला. रोज संध्याकाळी उपग्रह फोनवरून ‘ठीक आहोत’ एवढा निरोप जाईल. सलग दोन संध्याकाळी निरोप आला नाही तर तिने पोलिसांना कळवावे आणि तो कागद त्यांच्या हाती द्यावा, असे ठरले.

स्ट्रेझलेकीची वाट

ॲडलेडहून निघून फ्लिंडर्स पर्वतरांगेच्या कडेने उत्तरेस गेले, की लिंडहर्स्ट हे छोटे गाव लागते. तेथून इनामिंकापर्यंत सुमारे ४७० किलोमीटरची स्ट्रेझलेकी वाट सुरू होते. अलीकडे तिचा काही भाग डांबरी झाला असला तरी या सबंध अंतरात प्रवाशाला डिझेल मिळण्याची सोय नाही. कच्चा रस्ता लागताच टायरमधील हवा कमी करावी लागते, म्हणजे दगडांवर टायर फाटत नाही.

या वाटेला एक जुनी, मजेदार कथा चिकटलेली आहे. १८७० साली हॅरी रेडफोर्ड नावाच्या गुराख्याने क्वीन्सलँडमधून सुमारे एक हजार गुरे चोरली आणि ज्या मुलखातून गोऱ्या माणसांनी कधी गुरे नेली नव्हती त्या मुलखातून, कूपर आणि स्ट्रेझलेकीच्या काठाकाठाने, ती दक्षिणेत आणून विकली. पुढे खटला झाला. परंतु पंचांनी पुरावा असूनही त्याला निर्दोष सोडले. चोरीपेक्षा त्याच्या धाडसाचे कौतुकच त्यांना अधिक वाटले असावे.

दुपारी चारनंतर गाडी चालवायची नाही, हा नियम दोघांनी कसोशीने पाळला. सायंकाळी कांगारू रस्त्यावर येतात आणि त्यांना धडकून गाडी निकामी होण्याचा संभव असतो. त्यामुळे उजेड असतानाच तंबू उभा राही, चूल पेटे आणि सूर्यास्तापूर्वी जेवण आटपे. घरची जुनी रीत तेथे आपोआप पाळली गेली. अंधार पडल्यावर दिव्याभोवती किड्यांचा जो थवा जमतो तो पाहिल्यावर या रीतीमागची दृष्टी नव्याने पटली, असे बाई सांगतात.

कुलियामराचा डोह

वाळवंटातून दोन दिवस प्रवास केल्यावर कूपरचे पहिले दर्शन होते तेव्हा डोळ्यांवर विश्वास बसत नाही. लाल मातीच्या मैदानात अकस्मात हिरव्या झाडांची रांग उभी राहते. काठावर नदीकाठचे प्रचंड निलगिरी आणि वेडेवाकडे कूलिबा वृक्ष, आणि मध्ये दुधाळ चहाच्या रंगाचे संथ पाणी. इनामिंकाजवळचा कुलियामरा डोह काही ठिकाणी पंचवीस मीटरहून अधिक खोल आहे. सगळीकडे दुष्काळ पडला तरी तो आटल्याचे कोणी पाहिलेले नाही. पहाटे पांढऱ्या काकाकुव्यांचा शेकडोंचा थवा एकदम उठतो आणि दोन माणसांना एकमेकांचे बोलणे ऐकू येईनासे होते. पाण्यावर पेलिकन पक्षी निवांत तरंगत असतात. दूरचे सरोवर भरले की हे पक्षी शेकडो किलोमीटरवरून तेथे जाऊन पोहोचतात. त्यांना ही वार्ता कशी कळते, हे एक कोडेच आहे.

बाईंनी पहिल्या संध्याकाळी पाण्याच्या कडेला एक काटकी रोवली. दुसऱ्या सकाळी पाणी काटकीपाशी होते. तिसऱ्या सकाळी काटकी चार बोटे पाण्यात होती. वरच्या अंगाला, क्वीन्सलँडमध्ये, तीन आठवड्यांपूर्वी पाऊस झाला होता. त्याचे पाणी आता येऊ लागले होते. आभाळात ढगाचा पुंजकाही नव्हता.

‘येथे खणा’

काठावर मुक्काम असताना दोघे एक दिवस सुमारे ७० किलोमीटरवरचे ‘डिग ट्री’ पाहून आले. हे एक कूलिबाचे झाड आहे. ऑस्ट्रेलियातील शाळकरी मुलालाही त्याची कथा माहीत असते.

२० ऑगस्ट १८६० रोजी मेलबर्नहून रॉबर्ट बर्क याच्या नेतृत्वाखाली एक थाटाची मोहीम निघाली. दक्षिण किनाऱ्यापासून उत्तर किनाऱ्यापर्यंत खंड ओलांडायचा, हा तिचा हेतू. मोहिमेसाठी उंट आणले होते ते आपल्या तेव्हाच्या हिंदुस्थानातून, कराचीहून जहाजाने. आणि त्यांच्याबरोबर उंटवालेही आले होते. त्यांपैकी सामला हा हिंदू होता. शिध्यातील गोमांस त्याला चालणार नव्हते. काही दिवस पाणी-रोटीवर काढून त्याने मोहिमेचा निरोप घेतला. दुसरा दोस्त महंमद. तो मात्र कूपरच्या काठापर्यंत पोहोचला.

या झाडापाशी बर्कने तळ ठेवला. तळावर ब्राही नावाच्या माणसाला प्रमुख नेमले. दोस्त महंमद त्याच तळावर होता. ‘तीन महिने वाट पाहा’, असे सांगून बर्क, विल्स, किंग आणि ग्रे हे चौघे १६ डिसेंबर १८६० रोजी उत्तरेकडे निघाले. ते उत्तर किनाऱ्याजवळच्या खाऱ्या दलदलीपर्यंत पोहोचले आणि परत फिरले. वाटेत ग्रे वारला. त्याला पुरण्यात त्यांचा एक दिवस गेला. २१ एप्रिल १८६१ च्या संध्याकाळी उरलेले तिघे या झाडापाशी येऊन पोहोचले. तळावर कोणी नव्हते. ब्राहीने तीन नव्हे, चार महिन्यांहून अधिक वाट पाहिली होती. एक सहकारी आजारी पडला, शिधा कमी होऊ लागला आणि शेवटी तो त्याच दिवशी सकाळी निघून गेला होता. सुमारे नऊ तासांची चुकामूक!

जाण्यापूर्वी ब्राहीने झाडाखाली थोडा शिधा पुरला होता आणि ‘खणा’ असा शब्द खोडावर कोरला होता. तिघांनी शिधा काढला. पुढे ब्राहीच्या मागावर न जाता बर्कने नैर्ऋत्येच्या दूरच्या वस्तीकडे जाण्याचे ठरवले. त्याने आपण कोठे जात आहोत हे चिठ्ठीत लिहिले, चिठ्ठी त्याच खड्ड्यात पुरली आणि कोणी लुटू नये म्हणून माती पूर्ववत सारखी केली. झाडावर नवी खूण केली नाही. ८ मे रोजी ब्राही शंका येऊन परत आला. त्याने पाहिले, सर्व काही जसेच्या तसे होते. खणण्याची गरज त्याला वाटली नाही. तो पुन्हा निघून गेला. त्या वेळी ते तिघे त्याच ओढ्याच्या काठी, खालच्या अंगाला, फार दूर नव्हते.

जूनअखेरच्या सुमारास बर्क आणि विल्स दोघेही तेथेच वारले. आश्चर्य असे, की ज्या काठावर ते उपासमारीने गेले त्याच काठावर यांद्रुवांधा लोक हजारो वर्षे नांदत होते. त्यांनी या परक्यांना मासे दिले, नार्डू नावाच्या पाणवनस्पतीची भाकरी दिली. नार्डू विशिष्ट रीतीने तयार केली नाही तर अंगी लागत नाही, उलट शरीरातील जीवनसत्त्व नष्ट करते, हे ज्ञान त्या लोकांजवळ होते. बर्कला मात्र त्यांची मदत संशयास्पद वाटे. एका प्रसंगी त्याने त्यांना पळवून लावण्यासाठी गोळीही झाडली. तिघांतला किंग तेवढा यांद्रुवांधांच्या आश्रयाला गेला. त्यांनी त्याला आपल्यात ठेवून घेतले, खाऊ घातले. सप्टेंबर १८६१ मध्ये शोधपथक आले तेव्हा तो एकटाच जिवंत होता. त्या लोकांच्या वारसांचे या भूमीवरील पारंपरिक हक्क न्यायालयाने मान्य केले ते थेट २०१५ साली.

झाडाभोवती आता लाकडी फळ्यांची वाट केलेली आहे. यजमान बराच वेळ खोडाकडे पाहत उभे होते. “नऊ तास,” ते म्हणाले, “नुसते नऊ तास आधी पोहोचले असते तर!”

बाईंना मात्र दुसरीच गोष्ट टोचत होती. “नऊ तासांचं नशीब झालं हो,” त्या म्हणाल्या. “पण माल उचलला तर नोंद नको का करायला? केली, तीही खड्ड्यात पुरून ठेवली. दुसऱ्याला दिसणार नसेल तर ती नोंद कसली?”

पाण्याच्या आधी

मूळ बेत असा होता, की इनामिंकाहून कॉर्डिलो डाउन्सच्या रस्त्याने उत्तरेस जाऊन बर्ड्सव्हिल गाठायचे. बर्ड्सव्हिल हे जेमतेम शंभर-सव्वाशे वस्तीचे गाव, पण त्याचे नाव सर्वतोमुखी. यजमानांच्या नकाशावर त्याच्याभोवती तांबडे वर्तुळ होते. परंतु निघण्याच्या दिवशी सकाळी चौकशी केली तेव्हा उत्तरेचा रस्ता पावसाने खराब होऊन बंद झाल्याचे कळले. बंद रस्त्यावर गाडी घातली तर मोठा दंड होतो. पश्चिमेकडून वॉकर्स क्रॉसिंगमार्गे बर्ड्सव्हिलच्या रस्त्याला जाऊन मिळणारी वाट मात्र अजून खुली होती. तेथे कूपरचे पात्र ओलांडावे लागते; ते त्या दिवशी कोरडे होते.

यजमानांनी हिशेब मांडला. पाणी माणसाच्या चालीने सरकते, गाडी त्याच्या कितीतरी पट वेगाने जाते. पाणी तेथे पोहोचायच्या आत आपण पलीकडे असू. बाजारात भाव उतरण्याआधी माल काढून टाकावा, तसाच हा विचार होता. आणि आयुष्यात अशा विचाराने त्यांना अनेकदा यश दिले होते. बाई काही बोलल्या नाहीत. मुलीला कळवायचे का, एवढेच त्यांनी विचारले. “संध्याकाळी निरोप देऊच की,” असे उत्तर आले.

पहिले साठ किलोमीटर वाट कोरडी होती. दोन-तीन उथळ ओहोळ लागले, तेही कोरडे. मग एका वळणावर यजमानांनी गाडी थांबवली. पुढच्या ओहोळात पाणी येत होते.

ते दृश्य विसरता येणार नाही, असे दोघेही सांगतात. पाण्याला लाट नव्हती, आवाज नव्हता. वाळलेली पाने, काटक्या आणि फेस यांची एक झालर पुढे ढकलत पाण्याची जीभ भेगाळलेल्या जमिनीवरून सरकत होती. एखादी भेग आली की क्षणभर थांबे, ती भरे आणि पुढे निघे. पाण्याच्या आधी जिवाच्या आकांताने कोळी, मुंग्या आणि किडे धावत होते, आणि त्यांना टिपायला आकाशात घारी जमल्या होत्या. पाण्याने मुख्य पात्राची वाट धरली असेल, हा हिशेब चुकला होता. ते कोणत्या तरी आडवाटेच्या ओहोळाने आधीच येऊन पोहोचले होते.

यजमान खाली उतरले. वाटेवर अद्याप वीतभरच पाणी होते. “एवढ्यातून गाडी सहज जाईल,” ते म्हणाले.

“जाईल,” बाई म्हणाल्या. “पण पुढच्या ओहोळाचं काय?”

“तो कोरडाही असेल.”

“आणि मागचा?”

यजमान गप्प राहिले. बाईंनी वही मांडीवर घेतली होती. “अहो, एक सांगू? मुलीच्या कागदावर आपण उत्तरेच्या रस्त्याला आहोत. इथं आहोत हे तुम्हाला माहीत आणि मला माहीत. शोधायला कोणी निघालंच तर तिकडं शोधतील. आपण नोंद न करता माल उचललाय.”

एकतीस वर्षांच्या संसारात आणि धंद्यात यजमानांनी बाईंचे हिशेब पुष्कळदा ऐकले होते आणि कित्येकदा मोडलेही होते. त्या दिवशी ते थोडा वेळ पाण्याकडे पाहत उभे राहिले. मग गाडीत बसले आणि त्यांनी गाडी मागे फिरवली.

परतताना, सकाळी जो ओहोळ कोरडा ओलांडला होता त्यात आता पाण्याची धार दिसली. चाकांचा खालचा भाग भिजेल एवढेच पाणी होते आणि तळ अजून घट्ट होता. गाडी पार झाली. पलीकडे गेल्यावर यजमानांनी गाडी थांबवून मागे पाहिले. आणखी तास-दोन तास उशीर झाला असता, तर दोन ओहोळांच्या मधल्या त्या उंचवट्यावर किती दिवस काढावे लागले असते, कोणास ठाऊक. पूर ओसरायला कधी कधी आठवडे लागतात. बाईंनी तेव्हाच उपग्रह फोन काढला आणि मुलीला निरोप दिला, ‘बेत बदलला. इनामिंकाला परत जात आहोत. दक्षिणेच्याच वाटेने घरी येऊ.’

काठावरचे तीन दिवस

पुढचे तीन दिवस दोघे इनामिंकाला, पाण्यापासून उंचावर तंबू ठोकून राहिले. पहिल्या संध्याकाळी यजमान फारसे बोलले नाहीत. बर्ड्सव्हिल हुकले याचे दुःख होते, त्याहून अधिक दुःख आपला हिशेब चुकल्याचे असावे. बाईंनी त्यांना छेडले नाही. त्यांनी थालीपीठ लावले आणि उजेडातच दोघे जेवले.

गावात जुनी इस्पितळाची इमारत आहे. १९२८ साली ख्रिस्ती सेवाभावी संस्थेने ती उभारली. शेकडो किलोमीटरच्या परिसरात दुसरी वैद्यकीय सोय नसताना तेथील परिचारिका रुग्णांची शुश्रूषा करीत. त्याच वर्षी जॉन फ्लिन यांच्या प्रयत्नांनी क्वीन्सलँडमध्ये विमानाने डॉक्टर पाठवण्याची सेवा सुरू झाली. आज ती ‘रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस’ या नावाने अख्ख्या देशाला परिचित आहे. अशा मुलखात एकमेकांच्या हाकेला ओ देण्यावर माणसे जगतात. रस्त्यात गाडी थांबलेली दिसली की येणारा प्रत्येक जण काच खाली करून ‘सगळे ठीक आहे ना’ असे विचारतो आणि उत्तर मिळाल्यावरच पुढे जातो. शहरात एकतीस वर्षांत जेवढ्या अनोळखी माणसांनी विचारपूस केली नसेल, तेवढ्यांनी त्या आठ दिवसांत केली, असे यजमान सांगतात.

रोज सकाळी दोघे काठावर जात. बाई नवी काटकी रोवत, यजमान जुनीवरचे पाणी बोटांनी मोजत. दुसऱ्या दिवशी एक वीत, तिसऱ्या दिवशी त्याहून अधिक. आधी निश्चल असलेल्या पाण्यावर आता पाने हळूहळू पश्चिमेकडे निघाली होती. स्टर्टने ज्याला ओढा म्हटले तो वाहू लागला होता. नंतर एकदा यजमान आपण होऊन म्हणाले, “दुकानात तू नको म्हटलेले दोन व्यवहार मी केले होते.” बाई हसल्या. “दोन नाही, तीन,” त्या म्हणाल्या. “वहीत आहेत.”

चौथ्या दिवशी दोघे दक्षिणेच्या वाटेने निघाले आणि ठरल्याप्रमाणे रोज संध्याकाळी निरोप देत घरी पोहोचले. जाता-येताना गावातील नळावर कॅन भरून घेतल्यामुळे पाण्याच्या चालू खात्यात अखेरीस अकरा लिटर उरले होते. राखीव दोन्ही कॅनवरची लाल पट्टी जशीच्या तशी होती. बाईंनी ती कापली आणि ते चाळीस लिटर पाणी परसातल्या लिंबाच्या झाडाला घातले. कित्येक आठवडे ज्या पाण्याला हात लावायचा नाही असे ठरले होते, ते असे झाडाला घालताना दोघांनाही उगाच हुरहुर वाटली.

वहीचे ते शेवटचे पान आजही तसेच आहे. बाईंच्या रेखीव अक्षरात एकीकडे जमा, दुसरीकडे खर्च, आणि खाली ‘राखीव ४० लिटर, वापर शून्य, शिल्लक ४० लिटर’. त्याखाली निराळ्या, जरा घाईच्या हस्ताक्षरात एक ओळ आहे. ती यजमानांची. ‘येणे बाकी : बर्ड्सव्हिल.’